उरलेला झेड

चूक नानांच्या कानाची.
राजारामपुरीतला एक पोरगा पाटी सांगून गेला,
झेरॉक्स, पितळेत, सहा इंची,
आणि नानांनी ऐकलं तसं ओतलं,
झेड पहिला.
पोरगा आधी हसला,
मग ॲडव्हान्स परत घेऊन गेला.

त्यातला ई दुसऱ्याच दिवशी खपला.
आर आणि ओ एका सोसायटीच्या फाटकावर गेले.
खणात राहिले झेड आणि एक्स,
लग्नाचं वय उलटलेल्या भावंडांसारखे
एकमेकांकडं न बघता.

उद्यमनगरात ज्याला त्याला ई हवा.
गुजरीतल्या ज्वेलर्सना तीन-तीन,
इंजिनिअरिंगला तीन, एंटरप्रायझेसला तीन.
मातीत दाबून दाबून ई-चा सागवानी साचा चिरला होता,
मधली दांडी अर्धीच उमटायची,
नाना कानस घेऊन तिची समजूत काढत बसायचे.

मला म्हणाले, आठवीत हाईस न्हवं?
ही दोन बसतील असा एक शब्द हुडीक.
लांब बघ, अक्षराला बारा रुपये पडत्यात.
आन त्यात ई नको.

हुडकतो की, मी म्हटलं.
आम्ही पोरीही येतो-जातोच म्हणायचो तेव्हा,
पुण्याला गेल्यावर लाजेनं सुटलं ते.

वाचनालयातली जाडी डिक्शनरी घरी देत नसत.
कुरणे मास्तरांच्या टेबलापाशी उभ्यानंच चाळायची.
अर्थाकडं मी बघतच नव्हते,
नुसती अक्षरं निवडत होते
तांदळातले खडे निवडावेत तशी.

मॅक्सिमाइझ मिळाला, तर आठच अक्षरं
आणि शेपटाला ई.
ह्यो कुणाच्या दारावर ठोकू? नाना म्हणाले.
क्विझिकल बरा लांब,
पण त्याला झेड लागतात दोन, एक्स एकही नाही.
मास्तर चष्म्यावरून बघायचे,
पोर इंग्रजीत एवढी हुशार कधी झाली म्हणून.

मग एका सोमवारी ओ-च्या पानावर तो होता.
बोटांवर मोजला, दहा बोटं संपली,
अकराव्याला टेबलाची कड धरली.
ऑक्सिडायझेशन.
मराठीत सातांत उरकतो, इंग्रजीत अकरा.
पोटात एक्स, पोटात झेड, ई कुठंच नाही.
लक्ष्मीपुरीतून पळत आले,
चप्पल तुटली ती हातात घेऊन.

नानांनी मुशीवरची नजर न काढता विचारलं,
मंजे काय पर?

पुन्हा उलटी गेले. बघून आले.
पितळ हवेत पडून राहिलं की त्याला जे धरतं, ते.
कळंक व्हय, नाना म्हणाले,
आणि खण उघडून दोघांकडं बघत राहिले.
खरंच धरला होता, झेडच्या कोपऱ्यात जास्त.

उरलेली नऊ त्यांनी रात्री ओतली.
गिऱ्हाईक नव्हतं. बारा रुपये कुणी देणार नव्हतं.
भट्टीच्या वरच्या भिंतीवर शब्द बसला,
लोक विचारायचे, जर्मन कंपनी हाय काय ही?
एकानं खाली चप्पल काढून हात जोडले.

दर दिवाळीला नाना चिंच नि राख घेऊन बसायचे,
घंटा, समई, गिऱ्हाइकांच्या जुन्या पाट्या,
सगळं सोन्यासारखं काढायचे.
त्या अकरांना हात लावू द्यायचे नाहीत.
घासली की खोटी पडतील म्हणायचे.

शब्द आपला अर्थ अंगावर घेत गेला,
कडेनं हिरवा, मध्ये तपकिरी.

परवा डॉक्टर झुलेखा बागवान आल्या,
दवाखाना उद्या उघडायचा, नावाची पाटी अजून नाही.
भट्टी थंड होती, कोळसा ओला.
नाना स्टुलावर चढले, मला म्हणाले, पान्हा दे.

झेड चिंचेत तासभर पडला
आणि पोरासारखा उजळून निघाला.
बाईंनी पैसे मोजले. नानांनी बारा रुपयेच घेतले त्याचे,
जुनाच दर.

भिंतीवर दहा अक्षरं राहिली.
मधल्या जागी धूर पोचला नव्हता,
तिथं झेडच्या आकाराचा
कोरा चुना.